काळा गूळ उठत न्हाई

माझं माहेर पन्हाळ्याच्या पायथ्याशी. तरी पुण्यात संसार मांडल्यावर पंचवीस वर्षं मी वाण्याकडचा पिवळाधमक गूळच खाल्ला. ढेप फोडली की सोन्यासारखी दिसावी, एवढीच माझी पारख. तीन वर्षांपूर्वी थंडीत भावाबरोबर गावच्या गुऱ्हाळावर गेले, तेव्हा तिचं पितळ उघडं पडलं.

काहिलीत रस खदखदत होता. चुलवाणात चिपाडं सारणाऱ्या पोराचा चेहरा आगीनं लाल झालेला. गुळव्यानं रसात रानभेंडीचा चिकट रस ओतला, तशी मळी वर आली. ती त्यानं झाऱ्यानं काढून टाकली. पाक दाटला तेव्हा थोडा गार पाण्यात सोडला, बोटांत गोळी वळली, भांड्यावर वाजवून पाहिली. "आला!" लगेच काहील वाफ्यात रिती. शंभर किलो उसातून दहा-बारा किलो गूळ निघतो.

हा निघाला तांबूस. मी विचारलं, "मामा, पिवळा नाही करत?"

"करत हुतो की अक्का. हायड्रोस टाकलं की झाला पिवळा. सौद्यात त्यालाच भाव. काळा गूळ उठत न्हाई."

हायड्रोस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, कापडधंद्यात रंग उडवायला वापरतात ते. त्यातलं गंधक गुळात उरतं. आणि एवढं करून तो रंग टिकतही नाही, काही दिवसांनी गूळ पुन्हा काळवंडतो. म्हणजे फसवणूक गुऱ्हाळवाल्यांची खरी, पण फर्माईश माझी होती. पंचवीस वर्षं मी दुकानात तांबूस ढेप बाजूला सारत आले होते.

आता वारं उलटं फिरलंय. काळा तो शुद्ध, असं म्हणून दुप्पट पैसे मोजणारे माझ्याच सोसायटीत आहेत. पण पाक जास्त आटला, करपला, तरी गूळ काळाच होतो. काही जण तर रसात साखर ढकलतात. रंगावरून काही कळत नाही. पाकिटावरच्या १४ आकडी नोंदणी क्रमांकावरून माल कुणाचा हे शोधता येतं, काहिलीत काय पडलं ते नाही. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, अभिमानच आहे. पण शहरातल्या दुकानात ढेपेवर 'कोल्हापुरी' लिहायला एक खडू पुरतो.

मी आता दरसाल त्याच मामांकडून दहा किलोचा रवा, म्हणजे ढेप, आणते. भाव बाजारापेक्षा जास्त पडतो, कारण हायड्रोस नाही तर सौद्यात मार खावा लागतो, तो कुणीतरी भरून द्यायला हवा. पावसाळ्यात गूळ मऊ पडतो, डब्याला चिकटतो, सूनबाई कुरकुरते.

दिवाळीच्या सुमारास गुऱ्हाळं पेटतात. तुमच्या गुळाचं गुऱ्हाळ कुठल्या गावात आहे, एवढं यंदा दुकानदाराला विचारून बघा.