पदवी झाली, पुढे काय?

दरवर्षी उन्हाळा सरता सरता विद्यापीठांचे निकाल लागू लागतात, घरोघरी पेढे वाटले जातात, आणि आठ दिवसांच्या आत प्रत्येक घरात एकच प्रश्न निघतो: पदवी झाली, पुढे काय? आपल्या समाजाने या प्रश्नाची दोन उत्तरे पूर्वीच ठरवून ठेविली आहेत. मुलगा असेल तर नोकरी, मुलगी असेल तर स्थळ. याहून निराळे असे एक तिसरे उत्तर आहे. पण ते सुचविणारा मनुष्य घरात क्वचित असतो, आणि असला तरी त्यास वेड्यात काढण्यात येते. ते उत्तर म्हणजे संशोधन. तंत्रविद्या, अभियांत्रिकी आणि आरोग्य या तीन शाखांत पदवीनंतर संशोधन करू इच्छिणाऱ्यास आज कोणत्या वाटा मोकळ्या आहेत, त्या वाटांवर काटे कोणते आहेत, आणि ते काढण्याचे काम कोणाचे, याविषयी आम्ही आज वाचकांपुढे चार शब्द मांडणार आहोत.

प्रथम एका गैरसमजाचा निरास केला पाहिजे. संशोधन म्हणजे रिकामपणाचा उद्योग, अशी आपल्यातील पुष्कळांची समजूत आहे. या समजुतीस मुंबई शहराचा इतिहासच पुरेसे उत्तर देतो. १८९६ साली मुंबईत प्लेगाची साथ आली, तेव्हा वाल्डेमार हाफकिन नावाचा शास्त्रज्ञ त्याच शहरातील एका लहानशा प्रयोगशाळेत बसून प्लेगाची लस तयार करीत होता. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. १८९९ साली परळ येथे त्याची प्रयोगशाळा स्थिर झाली व १९२५ पासून ती त्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली. त्या साथीत दुकाने बंद पडली, गिरण्या ओस पडल्या आणि लोक शहर सोडून पळाले. व्यापाऱ्याचे जे नुकसान झाले, ते कोणत्याही जकातीने कधी झाले नसेल. ते नुकसान थांबविण्याची खटपट प्रयोगशाळेत बसलेला मनुष्य करीत होता, हे आमच्या व्यापारी बंधूंनी विसरू नये.

हे उदाहरण जुने व परक्या माणसाचे आहे, असे कोणी म्हणेल. तर अलीकडची व घरची उदाहरणे घ्यावीत. डॉ. हिंमतराव बावस्कर हे १९७६ साली महाडनजीकच्या बिरवाडी येथे सरकारी दवाखान्यात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, डोळ्यांदेखत मरत होती. दैवाचा खेळ म्हणून ते स्वस्थ बसले नाहीत. रोग्याच्या उशाशी बसून त्यांनी नाडी, रक्तदाब व हृदयाची अवस्था यांची तासातासाची टिपणे केली, आणि रक्तदाबावरील प्राझोसिन हे साधे औषध या विषावर गुणकारी ठरते, असे दाखवून दिले. गंभीर दंशाच्या रोग्यांत पूर्वी शंभरांत चाळीसच्या आसपास दगावत, ते प्रमाण एकाच्या आसपास आले. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांवर असाच एक प्रयोग केला. व्हिनेगरात असते तेच आम्ल पाण्यात मिसळून, अल्पशिक्षित पण शिकवून तयार केलेल्या स्त्रियांकरवी, गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करावयाची, एवढेच त्याचे साधन. २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा तपासणी झालेल्या गटात त्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. या दोन्ही कामांत बहुमोल यंत्र एकही नव्हते. होती ती केवळ शास्त्रशुद्ध रीतीने प्रश्न विचारण्याची सवय; आणि ही सवय अंगी बाणविणे हाच पदव्युत्तर संशोधनाचा खरा हेतू होय.

तंत्रविद्येकडे वळू. १९३३ साली मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग उघडला. कापडाच्या गिरण्या आपल्या, पण त्यांस लागणारे रंग परदेशचे, अशी त्या वेळची स्थिती होती. ज्या शहराचा पैसा कापडात गुंतला होता, त्यानेच कापडाच्या रसायनाचे शिक्षण सुरू करावे, हे योग्यच झाले. त्याच विभागात शिकून, केंब्रिज येथे संशोधन करून, परत येऊन तेथेच शिकविणारे प्रा. मनमोहन शर्मा हे १९९० साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय अभियंते. देशातील रासायनिक कारखानदारी आज ज्या माणसांच्या बळावर उभी आहे, त्यांतील पुष्कळांची विद्या माटुंग्याच्या त्या आवारातली आहे.

आता वाटा कोणत्या, ते पाहू. अभियांत्रिकीच्या पदवीधरास गेट ही परीक्षा, विज्ञानाच्या पदवीधरास नेट, आणि आरोग्यशास्त्रात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची परीक्षा, ही मुख्य दारे आहेत. २०२२ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनी उत्तीर्ण झालेल्यास थेट पीएच.डी.कडे जाण्याची मुभा दिली. या पदवीस किमान तीन व सामान्यतः कमाल सहा वर्षे लागतात. स्त्रियांस दोन वर्षांची अधिक सवलत व २४० दिवसांपर्यंत प्रसूतीची रजा आहे. जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या दराने केंद्र सरकारची अधिछात्रवृत्ती पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये व पुढे ४२,००० रुपये आहे, घरभाडे निराळे. पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्ती ७०,००० रुपयांपासून सुरू होते. २०२५ च्या अर्थसंकल्पात अशा दहा हजार अधिछात्रवृत्त्या पाच वर्षांत देण्याचे जाहीर झाले. मागासलेल्या व वंचित वर्गांतील विद्यार्थ्यांकरिता महाराष्ट्रात बार्टी, सारथी व महाज्योती या संस्था आहेत. म्हणजे संशोधन करणारा मुलगा घरावर भार होऊन बसतो, ही समजूत आता खरी राहिलेली नाही. घरातील वडील मंडळींनी हे आकडे एकदा कागदावर मांडून पाहावेत.

मुलींविषयी मात्र आमच्या समाजास अधिक स्पष्ट बोलणे भाग आहे. १९३३ साली कमला भागवत ही मुंबई विद्यापीठाची उत्तम गुणांची पदवीधर मुलगी बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत प्रवेश मागावयास गेली. ती स्त्री आहे, एवढ्याच कारणावरून संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी तिला नकार दिला. नोबेल पारितोषिक मिळविलेल्या पुरुषाच्या बुद्धीलाही रूढीचा गंज चढतो, तो असा. तिने हट्ट सोडला नाही. एक वर्ष परीक्षेवर घेण्याची अपमानास्पद अट पत्करून ती आत शिरली, आणि आपल्या कामाने संस्थेस आपले दार इतर स्त्रियांकरिता उघडावयास लाविले. १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. घेऊन ती परत आली. पुढे कमला सोहोनी या नावाने त्यांनी नीरेच्या पोषकतेवर काम केले व मुंबईच्या विज्ञानसंस्थेचे संचालकपदही भूषविले. बंगळूरचे दार तेव्हा उघडले, ते उघडेच आहे. आज बंद आहे ते घरचे दार. ‘जास्त शिकली तर स्थळ मिळणार नाही’ असे म्हणणाऱ्या बापास आम्ही एवढेच विचारतो, की मुलीची बुद्धी ज्या घरास जड वाटते, ते घर स्थळ म्हणावयाच्या योग्यतेचे तरी आहे काय?

तथापि सर्व दोष घराच्याच माथी मारणे न्यायाचे होणार नाही. जी अधिछात्रवृत्ती कागदावर दिसते ती हाती पडावयास कित्येकदा महिनेच्या महिने लागतात, आणि खानावळीचे व खोलीचे देणे मात्र महिन्याच्या महिन्यास द्यावे लागते. घरी शेतीवाडी वा दुकान असलेला मुलगा निभावून नेतो. मजुराचा मुलगा प्रबंध अर्धा टाकून मिळेल ती नोकरी धरतो. ज्याच्याकरिता ही योजना, त्यालाच ती अशी दगा देते. दुसरा दोष मार्गदर्शकाच्या अनिर्बंध सत्तेचा. विद्यार्थ्याची सहा वर्षे एकाच माणसाच्या मर्जीवर टांगलेली असावीत, त्याने खासगी कामे सांगावीत व दुसऱ्याने निमूट करावीत, ही गुरुभक्ती नव्हे, वेठबिगारी होय. तिसरा दोष प्रबंधांच्या बाजाराचा. बढतीकरिता पदवी, पदवीकरिता प्रबंध, आणि प्रबंधाकरिता दुसऱ्याच्या लेखनाची उसनवारी, हा व्यवहार जोपर्यंत चालेल, तोपर्यंत प्रामाणिक संशोधकाचीही किंमत लोकांत होणार नाही. खोटे नाणे बाजारात वाढले म्हणजे खऱ्यावरचाही विश्वास उडतो, हे व्यापाऱ्यास निराळे सांगावयास नको. तेव्हा सरकारने वृत्ती ठरल्या तारखेस द्यावी, विद्यापीठांनी मार्गदर्शक बदलण्याचा हक्क व तक्रारीची निर्भय सोय विद्यार्थ्यास द्यावी, आणि चोरीच्या प्रबंधास दया दाखवू नये.

शेवटी व्यापारी बंधूंकडे वळतो. २०२०-२१ साली आपल्या देशाचा संशोधनावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या शंभर रुपयांमागे अवघे ६४ पैसे होता. त्याच सुमारास चीन शंभरांमागे दोन रुपयांहून व दक्षिण कोरिया चार रुपयांहून अधिक खर्च करीत होता. त्या आपल्या ६४ पैशांतही खासगी उद्योगांचा वाटा सुमारे ३६ टक्केच. २०२३ साली कायद्याने स्थापिलेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाकरिता पाच वर्षांत ५०,००० कोटींची योजना आखली गेली. त्यांतील १४,००० कोटी सरकारचे, व उरलेले ३६,००० कोटी उद्योग व दाते यांजकडून यावयाचे, असा हिशेब मांडला. म्हणजे मोठा वाटा ज्यांच्या नावे लिहिला आहे, ते आपणच आहोत. १८९८ साली जमशेटजी टाटा यांनी तीस लाखांची मिळकत देऊ केली, त्यांच्या मृत्यूनंतर १९०९ साली बंगळूरची संस्था उभी राहिली. आपल्या डोळ्यांनी फळ न पाहता झाड लावणे, हा थोर व्यापाऱ्याचा धर्म त्यांनी दाखविला.

प्रत्येकास टाटा होता येत नाही. पण वाटणी करून ते काम करता येते. वर दिलेल्या दराने एका संशोधकाची पाच वर्षांची वृत्ती, घरभाडे सोडून, बरोबर २४ लाख रुपये होते. एखाद्या गावच्या व्यापारी संघाचे शंभर सभासद असतील, तर प्रत्येकाच्या वाट्यास पाच वर्षांत २४,००० रुपये, म्हणजे महिना ४०० रुपये येतात. गणपतीच्या मंडपाची वर्गणी आपण याहून सहज देतो. ज्या कंपनीचा वर्षाचा निव्वळ नफा पाच कोटी वा अधिक, तिला सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यास लावावे लागतातच. २०१९ पासून सरकारी विद्यापीठे व राष्ट्रीय प्रयोगशाळांतील विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व वैद्यक संशोधनास दिलेली रक्कमही त्यात धरली जाते. द्राक्षे सडतात, कांदा कुजतो, हळदीचा रंग उतरतो, यंत्रमागाचा आवाज कामगाराचे कान बधिर करतो. आपल्याच पेठेतील असा एक प्रश्न निवडावा, जवळच्या विद्यापीठाशी करार करावा, आणि एका होतकरू मुलास अगर मुलीस त्या प्रश्नामागे पाच वर्षे निश्चिंतपणे लावून द्यावे. वृत्ती ठरल्या दिवशी पोचेल एवढी हमी संघाने घ्यावी. निष्कर्ष काय निघावा, हे मात्र सांगू नये.

दुकानदार माल उधार देतो तेव्हा माणूस पाहून देतो. आपल्या गावच्या हुशार मुलांवर पाच वर्षांची एवढी उधारी टाकण्याची हिंमत पुढील दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी किती पेठा दाखवितात, हे पाहण्यास आम्ही उत्सुक आहो.