वार पाहून वाट ठरवा
लेखमाला : गाडीनं दक्षिण फ्रान्स, हिवाळ्यात – भाग 3

व्हिसा, विमान आणि गाडीचं आरक्षण यांबद्दल मागच्या दोन भागांत बोलून झालं. आता नकाशा उघडायचा. इथेच बहुतेकांची गाडी घसरते, कारण नकाशावर सगळंच जवळ दिसतं. मार्सेयला उतरायचं, नीस-मोनाको करायचं, वर व्हर्दोंच्या दरीत जायचं, मों व्हांतूवर गाडी चढवायची, वाटेत लॅव्हेंडरची शेतं, शेवटी कार्कासॉनचा किल्ला. आठ दिवसांचा हा बेत कागदावर बसतोही.

पण हिवाळ्यात या यादीतलं बरंच काही गळून पडतं. मों व्हांतू हा 1,900 मीटरहून उंच डोंगर. त्याच्या माथ्यावरचा रस्ता बर्फामुळे साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून वसंतापर्यंत बंद असतो. व्हर्दोंच्या कड्यावरून फिरणारा रस्ताही हिवाळाभर बंद. लॅव्हेंडर फुलतं जूनच्या अखेरीस आणि जुलैत. जानेवारीत त्या जागी छाटलेल्या करड्या झुडपांच्या ओळी असतात. शिवाय डिसेंबरच्या अखेरीस आविन्योंला दिवस नऊ तासांहूनही लहान असतो. सूर्य सव्वाआठला उगवतो आणि पाच वाजता मावळतो. पुण्यात सगळ्यात लहान दिवसही अकरा तासांचा असतो, म्हणून आपल्याला या गोष्टीचा अंदाज येत नाही. चार ठिकाणं ठरवून निघालेला माणूस तिसऱ्या ठिकाणी अंधारात पोचतो.

मग जायचं कशाला? जायचं, कारण प्रोव्हान्स, म्हणजे मार्सेय-आविन्योंकडचा हा प्रदेश, या दिवसांत तिथल्या माणसांचा असतो. उन्हाळ्यात ज्या गल्ल्यांत पाऊल ठेवायला जागा नसते, तिथे फेब्रुवारीत शेजारी एकमेकांशी बोलत उभे असतात. मात्र ही माणसं रोज दिसत नाहीत. हिवाळ्यात प्रोव्हान्सचं लहान गाव सोमवारी-मंगळवारी पाहिलं तर खिडक्यांची लाकडी दारं लावलेली, उपाहारगृहावर वार्षिक सुटीची पाटी, चौकात एखादं मांजर. तेच गाव बाजाराच्या दिवशी सकाळी आठ ते साडेबारा गजबजलेलं असतं. आपल्याकडे आठवडे बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावाचं जे होतं, तेच. म्हणून माझा आग्रह असा, की आधी प्रत्येक गावाचा बाजाराचा वार लिहून काढा आणि मार्ग त्यावरून आखा. किलोमीटर नंतर मोजता येतात.

वार असे आहेत. सँ-रेमीचा बाजार बुधवारी, कार्पान्त्रासचा शुक्रवारी, आर्ल, उझेस आणि आप्त या तिघांचा शनिवारी, लिल-स्युर-ला-सोर्गचा रविवारी. एक्स-आँ-प्रोव्हान्स गावात मंगळवार, गुरुवार, शनिवार असे तीन दिवस. शनिवारी ओढाताण होते, तिथे निवड करावीच लागते. ती कशी करायची ते पुढे सांगते.

महिना कोणता? माझं मत फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा. नाताळात झगमगाट असतो पण उजेड नसतो, आणि जानेवारीत निम्मी हॉटेलं मालकांच्या सुटीमुळे बंद. फेब्रुवारीच्या मध्यावर सूर्य सहा वाजून गेल्यावर मावळतो, दिवस साडेदहा तासांचा होतो आणि बदामाची झाडं फुलायला लागतात. पानं यायच्या आधी, काळ्या ओल्या फांदीवर थेट पांढरी-गुलाबी फुलं. विन्सेंट व्हॅन गॉग 20 फेब्रुवारी 1888 रोजी आर्लला उतरला तेव्हा गावावर बर्फ होतं, आणि थोड्याच दिवसांत तो फुललेल्या बदामाच्या फांद्या रंगवत होता. थंडी सोसायला लागते, पण फार नाही. दुपारी दहा-बारा अंश, पहाटे शून्याच्या आसपास.

आता प्रत्यक्ष बेत. मुक्काम दोनच, पहिला आर्लला तीन रात्री आणि दुसरा आविन्योंला चार. रोज नवं हॉटेल घेतलं की सामान भरणं, रिसेप्शनच्या वेळा पाळणं आणि अंधारात अरुंद गल्लीत पार्किंग शोधणं यातच संध्याकाळ जाते.

मंगळवारी मार्सेयच्या विमानतळावर गाडी घ्या आणि उजेडी आर्लला पोचा. अंतर सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर आहे. विमान रात्री उतरत असेल तर ती रात्र विमानतळाजवळ काढा. उलट्या बाजूनं गाडी चालवण्याचा पहिला तास थकलेल्या डोळ्यांनी आणि अंधारात करू नये.

बुधवारी सँ-रेमी, तासाभराहून कमी अंतर. सकाळी बाजार, दुपारी गावाच्या दक्षिणेला चालत जाऊन ग्लानम या रोमन गावाचे अवशेष. त्याच्या समोरच सँ-पॉल-द-मोसोलची इमारत आहे, जिथल्या रुग्णालयात व्हॅन गॉग मे 1889 पासून वर्षभर होता. हिवाळ्यात ती काही आठवडे बंद असते, तेव्हा तारखा पाहून घ्या.

गुरुवार कामार्गसाठी. आर्लच्या दक्षिणेला रोन नदीच्या दोन फाट्यांमधला हा सपाट, खारा, पाणथळ प्रदेश. सँत-मारी गावाच्या चार किलोमीटर अलीकडे पों-द-गो नावाचं पक्षी उद्यान आहे. आपण उजनीला किंवा ठाण्याच्या खाडीत पाहतो तोच मोठा रोहित इथे हिवाळाभर असतो, आणि त्याचा प्रणयाचा काळ हाच. थवा एकत्र येतो, माना ताठ उंच करतो आणि सगळे पक्षी चोच डावी-उजवीकडे झटकत झपझप चालू लागतात. मध्येच एक पक्षी पंख उघडतो. क्षणभर आतला लाल आणि काळा रंग दिसतो आणि पंख पुन्हा मिटतात, की शेजारचा उघडतो. हा खेळ दहा-वीस मीटरवरून दिसतो, दुर्बिणीचीही गरज पडत नाही. अर्धा दिवस इथे सहज जातो, जाऊ द्यावा. दुपारी परतताना सूर्य अगदी खाली असतो आणि रस्ता पाण्याच्या कडेनं जातो, त्यामुळे काळा चष्मा हाताशी असू द्या.

शुक्रवारी मुक्काम हलवायचा. आर्ल, नीम, पों द्यु गार आणि आविन्यों ही ठिकाणं एकापुढे एक येतात, त्यामुळे वाकडी वाट करावी लागत नाही. पों द्यु गारसाठी दुपारची वेळ ठेवा. पहिल्या शतकातला हा तीन मजली जलसेतू जवळजवळ 49 मीटर उंच आहे. उझेसजवळचं पाणी नीमला नेणाऱ्या पन्नास किलोमीटरच्या पाटाचा तो एक तुकडा. त्या साऱ्या लांबीत पाट उतरतो जेमतेम बारा-तेरा मीटर, म्हणजे किलोमीटरला सरासरी वीतभर. पुलाखाली उभं राहून हा हिशोब केला की दगडांकडे बघण्याची नजर बदलते.

आता शनिवार. आर्लचा बाजार मोठा आहे, उझेसचा देखणा आहे, पण हिवाळ्यातला शनिवार रिशरांशला द्यावा. आविन्योंहून उत्तरेला तासाभरावरचं हे छोटं गाव. इथे नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत दर शनिवारी सकाळी काळ्या ट्रफलचा बाजार भरतो. ट्रफल म्हणजे ओकच्या मुळांशी, जमिनीखाली वाढणारी बुरशी. प्रशिक्षित कुत्रे वासानं ती हुडकतात. बाजाराचं रूप अनोळखी माणसाला आधी कळतच नाही. रस्त्याच्या कडेला गाड्या लावलेल्या, मागची दारं उघडी, आत वजनकाटा. शेतकरी हातात साधी पिशवी घेऊन येतो आणि ती थोडीशीच उघडतो. व्यापारी एक गोळा उचलून नाकाशी नेतो, चाकूनं सालीचा बारीक कपटा काढतो आणि आतली पांढऱ्या शिरांची काळी जाळी बघतो. भाव हलक्या आवाजात होतो, पैसे रोख. पाहणाऱ्यानं चार पावलं लांब राहावं, फोटो विचारून काढावा. किरकोळ गिऱ्हाइकांसाठी वेगळी दुकानं लागतात, तिथे एखादा लहान ट्रफल घेता येतो. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी इथल्या चर्चमध्ये ट्रफलची प्रार्थनासभा होते आणि दानाच्या टोपलीत लोक नाण्यांऐवजी ट्रफल टाकतात. तुमच्या तारखा जानेवारीतल्या असतील तर सगळा बेत या रविवाराभोवती फिरवला तरी चालेल.

रविवारी लिल-स्युर-ला-सोर्ग. नदीचे फाटे गावातून वाहतात, त्यांवर शेवाळलेली पाणचक्क्यांची चाकं, आणि काठानं भाजी, चीज आणि जुन्या वस्तूंचे ठेले. साडेनऊच्या आत पोचा, नंतर गाडीला जागा मिळत नाही. दुपारी तिथून गोर्द आणि रुसियों ही टेकडीवरची गावं. सोमवारी गाडी उभीच ठेवा आणि आविन्यों पायी बघा. तटाबाहेर मोफत वाहनतळ आहेत आणि तिथून आत बस जाते. पोपांचा राजवाडा सोमवारी उघडा असतो, म्हणून हा दिवस इथे.

या सगळ्या बेतात एक पाहुणा न विचारता येतो, मिस्त्राल वारा. आल्प्स आणि मध्य फ्रान्सचं डोंगराळ पठार यांच्या चिंचोळ्या वाटेनं, रोनच्या खोऱ्यातून तो समुद्राकडे सुटतो. वेग कधी ताशी 100 किलोमीटरच्या वर. जुन्या शेतघरांची उत्तरेकडची भिंत कोरी का असते आणि शेताच्या कडेला सायप्रसच्या उंच दाट रांगा का असतात, ते त्या दिवशी अंगाला समजतं. आकाश मात्र धुतल्यासारखं स्वच्छ असतं. गाडीचं दार दोन्ही हातांनी धरून उघडा, नाहीतर वारा ते बिजागरीपासून वाकवतो. पुलावर चढताना आणि ट्रकला मागे टाकताना स्टिअरिंग घट्ट धरा. अशा दिवशी कामार्ग आणि पों द्यु गार सोडून नीमच्या किंवा आविन्योंच्या संग्रहालयात जावं. गुरुवार-शुक्रवार आपापसांत बदलायची मोकळीक म्हणूनच ठेवली आहे.

आता गाडी चालवण्याविषयी. आपण आयुष्यभर उजवीकडे बसून चालवलेली असते. डावीकडे बसलं की नकळत गाडी रस्त्याच्या उजव्या कडेला सरकते. शेजारच्या माणसानं हे पहिल्या दिवशी सतत सांगत राहावं. आपल्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटरची दांडी उजवीकडे असते, तिकडे ती डावीकडे, त्यामुळे वळताना वायपर फिरतो. घाबरू नका. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर आरक्षणातच तसं मागून घ्या, कारण न सांगता मिळते ती गिअरची. जोडीला आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना आणि आपलं मूळ लायसन्स, दोन्ही बाळगा.

नियमांतला एक मनावर ठसवून घ्या. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, तो कितीही लहान गल्लीतून येत असला तरी. पिवळ्या चौकटीची तिरपी पाटी दिसली की त्या रस्त्यावर हक्क तुमचा. ती पाटी काळ्या रेघेनं खोडलेली दिसली की हक्क संपला. गावाच्या नावाची लाल कडेची पाटी ओलांडली की मर्यादा 50, आकडा लिहिलेला नसला तरी. बाहेरच्या दुपदरी रस्त्यांवर बहुतेक ठिकाणी 80, मोटरवेवर 130 आणि पावसात 110. टोलनाक्यावर छोटं ‘टी’ एकटंच दाखवणारी मार्गिका टाळा, ती टॅग लावलेल्या गाड्यांसाठी आहे. हिरवा बाण किंवा कार्डाचं चिन्ह पाहून आत शिरा.

2021 पासून डोंगराळ भागातल्या ठरवून दिलेल्या हद्दींत 1 नोव्हेंबर ते 31 मार्च हिवाळी टायर किंवा साखळ्या सक्तीच्या आहेत. आपला मार्ग सपाटीवरचा आहे, त्याला हे लागू नाही. पण मोह होऊन आल्प्सकडे वळायचं ठरवलंत तर गाडी घेतानाच विचारा. सपाटीवरही पहाटे सावलीतल्या वळणांवर पारदर्शक बर्फ जमतो, म्हणून नऊच्या आधी घाई नको.

मंगळवारी आविन्योंच्या टीजीव्ही स्थानकावर गाडी परत द्या. आदल्या संध्याकाळी टाकी भरून पावती जवळ ठेवा. पंपावर ‘गाझोल’ लिहिलेलं असतं ते डिझेल, पेट्रोलची नळी वेगळी. गाडी चारही बाजूंनी आणि चाकांसकट मोबाइलवर टिपून घ्या, मग किल्ली द्या. तिथून टीजीव्ही ही वेगवान रेल्वे पॅरिसला पावणेतीन तासांत पोचवते. शाकाहारी माणसानं या आठ दिवसांत काय खावं आणि दुपारी दोननंतर भूक लागली तर काय करावं, ते पुढच्या आठवड्यात.