गादी भावाची की मुलाची?

इ.स.पू. ३१. गोबी वाळवंटाच्या पलीकडे, आजच्या मंगोलियातल्या गवताळ प्रदेशात हुहान्ये नावाचा राजा मरणपंथाला लागला होता. त्याच्या राण्यांमध्ये हुयान या मातब्बर कुळातल्या दोन सख्ख्या बहिणी होत्या. थोरली पट्टराणी, तिला दोन मुलगे. धाकटीला चार, आणि त्यांतले पहिले दोन थोरलीच्या मुलांहून वयाने मोठे. हुहान्येच्या मनात थोरलीच्या मोठ्या मुलाला गादी द्यायची होती. थोरलीनेच त्याला विरोध केला. राज्यात दहा-बारा वर्षं कापाकापी चालली होती, आता कुठे लोकांना उसंत मिळाली आहे. माझा मुलगा लहान आहे, लोक त्याला मानणार नाहीत, बहिणीच्या थोरल्याला बसवा, असं ती म्हणाली. धाकटीने नेमकी उलटी बाजू धरली. मूल लहान असलं तरी दरबारी सांभाळून घेतील, पण मानाच्या राणीचा मुलगा डावलून माझा बसवलात तर पुढे घरात भांडणं लागतील, असं तिचं म्हणणं.

दोघी बहिणी आपापल्या पोटच्या मुलाच्या विरोधात बोलत होत्या. शेवटी थोरलीचं ऐकलं गेलं, मात्र एक अट घालून: धाकटीच्या मुलाने गादी पुढे आपल्या मुलाला द्यायची नाही, भावाला द्यायची. हा शब्द पाळला गेला. हुहान्येचे सहा मुलगे एकामागून एक गादीवर बसले, आणि इ.स. ४६ पर्यंत, जवळजवळ पाऊणशे वर्षं, त्या घरात वारसाहक्कावरून युद्ध पेटलं नाही.

हे घराणं लुआनदी कुळाचं. शिओंग्नू या भटक्या पशुपालकांच्या साम्राज्याचं हे राजकुळ. चंगीझखानाच्या चौदाशे वर्षं आधी मंगोलिया, बैकल सरोवराकडचा प्रदेश आणि चीनच्या उत्तर सीमेलगतचा मोठा पट्टा त्यांच्या अमलाखाली होता. गवताळ मैदानांत उभं राहिलेलं असं मोठं साम्राज्य त्याआधी तिथे झालेलं नव्हतं. शिओंग्नूंबद्दल लिहिताना घोडेस्वार आणि तिरंदाजी यांवरच सगळा भर दिला जातो. मला त्यांच्या सोयरिकी आणि वारसाहक्काचे नियम अधिक महत्त्वाचे वाटतात. घोडे आणि बाण त्या मैदानातल्या प्रत्येक टोळीकडे होते. एकाच कुळाने शतकानुशतकं सर्वांवर राज्य करणं ही वेगळी गोष्ट आहे आणि तिची कारणं घरात शोधावी लागतात.

या घरातलं आपल्याला एवढं कळतं कसं? शिओंग्नूंनी स्वतःचा लिखित इतिहास मागे ठेवलेला नाही. जे आहे ते त्यांच्या शत्रूंनी, म्हणजे मुख्यतः चीनच्या हान साम्राज्यातल्या सिमा च्यान आणि बान गू या इतिहासकारांनी लिहिलेलं. त्यात तुच्छता भरपूर आहे. पण कोण कोणाचा भाऊ, कोणाची आई कुठल्या कुळातली, उद्या गादीवर कोण येणार, याची नोंद मात्र बारकाईने ठेवलेली दिसते. सीमेवर शांतता राहणार की धाड पडणार, हे त्या माहितीवरच अवलंबून होतं. म्हणून शिओंग्नूंच्या चालीरीतींवरचे शेरे मी सावधपणे वाचतो, पण वंशावळीच्या बाबतीत या दोघांवर बराच विश्वास ठेवतो.

राजाला चानयू म्हणत. त्याच्या पूर्ण पदवीचा अर्थ ‘आकाशाचा पुत्र’ असा होतो. त्याच्या हाताखाली डावी आणि उजवी अशा दोन बाजू. दक्षिणेकडे तोंड करून बसलं की डावीकडे पूर्व येते. त्यामुळे पूर्वेचा प्रदेश डाव्या सरदारांकडे, पश्चिमेचा उजव्यांकडे. प्रत्येक बाजूला एक ‘शहाणा राजा’, त्याखाली आणखी राजे, सेनापती, कारभारी. असे चोवीस मोठे मानकरी आणि त्यांच्याखाली हजार, शंभर आणि दहा स्वारांचे नायक. डावा शहाणा राजा म्हणजे बहुतेक वेळा युवराज. वरच्या जागा चानयूचे भाऊ, मुलगे आणि पुतणे यांच्याकडे असत. लुआनदींच्या राण्या येत त्या हुयान, लान आणि शूबू या तीन कुळांतून, आणि न्यायनिवाड्यासारखी कामं याच सोयऱ्यांकडे होती. वर्षातून तीनदा सगळे जमत. पैकी एका मेळ्यात पूर्वज, आकाश आणि पृथ्वी यांची पूजा होई. शरद ऋतूत घोडे धष्टपुष्ट झाले की माणसांची आणि जनावरांची मोजदाद होई. थोडक्यात, दरबार भरे तो भाऊबंद आणि व्याह्यांचाच.

या सगळ्याची घडी बसवली मोडू चानयूने, इ.स.पू. २०९ पासून. त्याची गोष्ट सिमा च्यानने सांगितली आहे. बाप तोउमानला धाकट्या राणीच्या मुलाला गादी द्यायची होती, म्हणून त्याने मोडूला युएची लोकांकडे ओलीस पाठवलं आणि लगेच त्यांच्यावर हल्ला केला, म्हणजे ते मोडूला मारतील. मोडू त्यांचाच एक उमदा घोडा पळवून परत आला. बापाने खूश होऊन दहा हजार स्वार दिले. मोडूने शीळ घालत जाणारा बाण तयार करवला आणि हुकूम काढला: माझा बाण जिथे जाईल तिथे सर्वांनी बाण मारायचे. त्याने आधी स्वतःच्या आवडत्या घोड्यावर बाण सोडला. जे कचरले त्यांची डोकी उडवली. मग आवडत्या बायकोवर; पुन्हा तेच. मग बापाच्या घोड्यावर, आणि या वेळी सगळ्यांचे बाण सुटले. अखेर शिकारीच्या वेळी बापावर.

गोष्ट इतकी घोटीव आहे की ती सांगणाऱ्यांच्या तोंडी घडत गेली असावी, अशी शंका अनेक अभ्यासकांना येते. मलाही येते. तरी तिचा गाभा लक्षात घेण्यासारखा आहे. साम्राज्याचा पहिला प्रसंगच वारसाहक्काचा आहे, आणि त्यात धाकट्या राणीचा मुलगा आहे.

मोडूने पूर्वेच्या डोंगहू लोकांना मोडून काढलं, युएचींना पश्चिमेकडे रेटलं. इ.स.पू. २००मध्ये हान घराण्याचा संस्थापक सम्राट गावझू स्वतः चालून आला, तेव्हा त्याला बायडंगच्या टेकडीवर सात दिवस कोंडून ठेवलं. वेढा घालणाऱ्या फौजेत पश्चिमेला सगळे पांढरे घोडे, पूर्वेला निळसर करडे, उत्तरेला काळे आणि दक्षिणेला तांबडे होते, असं सिमा च्यान लिहितो. सम्राट सुटला तो मोडूच्या राणीला गुपचूप नजराणे पोचवून. त्यानंतर हान दरबाराने तह केला: राजघराण्यातली मुलगी चानयूला द्यायची, दरवर्षी रेशीम, धान्य आणि मद्य पाठवायचं.

अशाच एका मुलीबरोबर झोंगहांग युए नावाच्या खोजा दरबाऱ्याला त्याच्या मनाविरुद्ध शिओंग्नूंकडे धाडण्यात आलं. तो तिकडचाच झाला. हान दूत शिओंग्नूंची एका गोष्टीवरून फार निंदा करत: बाप वारला की मुलगा सावत्र आईशी लग्न करतो, भाऊ वारला की भाऊ भावजयीशी. झोंगहांग युएने त्यांना सरळ उत्तर दिलं. वंश तुटू नये म्हणून हे करतात, तो म्हणाला. म्हणूनच कितीही बेबंदशाही माजली तरी शिओंग्नू राजा निवडतात तो त्याच रक्ताचा. या उत्तरात मला सगळ्या व्यवस्थेचं मर्म दिसतं. राणी विधवा होऊन माहेरी गेली असती तर तिच्यासोबत तिच्या कुळाची माणसं आणि त्यांची निष्ठाही दूर गेली असती. ती घरातच राहिली की सोयरीक एका राजाबरोबर संपत नाही.

वांग झाओजुनचं आयुष्य याच चौकटीत गेलं. चिनी कवितेत आणि नाटकांत ती परदेशी धाडलेली दुःखी सुंदरी आहे. इतिहासात तिचा वाटा त्याहून मोठा आहे. इ.स.पू. ३३मध्ये ती हुहान्येला दिली गेली. तो दोन वर्षांत वारला. गादीवर आलेल्या सावत्र मुलाशी तिचं लग्न झालं. पहिल्या नवऱ्यापासून एक मुलगा, दुसऱ्यापासून दोन मुली. थोरली मुलगी युन शूबू कुळात दिली. इ.स. १३मध्ये चानयू वारला तेव्हा कारभार युनच्या नवऱ्याच्या हाती होता, आणि कोणता भाऊ गादीवर बसणार हे ठरवलं त्यानेच.

लेकी इतक्या महत्त्वाच्या होत्या याला आता जमिनीतूनही पुरावा मिळतो आहे. मंगोलियाच्या पश्चिम टोकाला, साम्राज्याच्या सीमेवर, दोन शिओंग्नू दफनभूमींतल्या अस्थींच्या जनुकीय अभ्यासाचे निष्कर्ष २०२३मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतल्या ताखिल्तिन खोतगोर इथे मोठ्या चौकोनी थडग्यांमध्ये स्त्रिया निघाल्या, आणि त्यांच्या आजूबाजूच्या साध्या थडग्यांमध्ये पुरुष. दुसऱ्या, लहान दफनभूमीतही सर्वांत श्रीमंत थडगी स्त्रियांचीच. शवपेटीवर सोन्याचे सूर्य-चंद्र, बरोबर काचमणी, रेशीम, चिनी आरसा. या उच्चकुलीन स्त्रियांचा वंशसंबंध पूर्वेच्या मध्यवर्ती प्रदेशाशी जुळतो, तर साध्या थडग्यांतली माणसं नाना वंशांची आहेत. त्या लुआनदी कुळातल्याच होत्या असं कुठल्या थडग्यावर लिहिलेलं नाही. पण राजसत्तेने दूरच्या सीमा लेकी देऊन बांधून घेतल्या, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे आणि तो पटतो. चिनी ग्रंथांत जावई आणि सासरे दिसतात. ज्यांच्यामुळे ते जावई आणि सासरे झाले, त्या बायका या थडग्यांमुळे प्रत्यक्ष समोर येतात.

युएचींना रेटल्याचे हादरे आपल्यापर्यंत पोचले. मोडूचा मुलगा लाओशांग याने युएची राजाला मारून त्याच्या कवटीचा प्याला केला. पुढे शंभराहून अधिक वर्षांनी हुहान्येने हान दूतांशी शपथेने करार केला, तेव्हा रक्त मिसळलेलं मद्य याच कवटीतून प्यायलं गेलं. राजचिन्ह म्हणून तो प्याला घराण्यात जपलेला होता. पराभूत युएची पश्चिमेकडे सरकले, त्यांच्या धक्क्याने शक हलले. युएचींच्याच एका शाखेतून कुषाण उभे राहिले. शकांपैकी काही भारतात उतरले आणि त्यांच्यातला क्षत्रप नहपान याची सत्ता नाशिक-कार्ल्यापर्यंत आली. नाशिकच्या लेण्यात त्याचा जावई उषवदात स्वतःला शक म्हणवतो. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवून त्याच्या नाण्यांवर स्वतःचे छाप मारले. नाशिकजवळ जोगलटेंभीला १९०६मध्ये सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांत अशी हजारो आहेत. मधल्या प्रत्येक टप्प्याला इतरही कारणं आहेत, पण साखळीची सुरुवात तिकडे आहे.

आता पुन्हा हुहान्येच्या मुलांकडे. भावामागून भाऊ हा नियम एका पिढीपुरता उत्तम. शेवटचा भाऊ गेल्यावर काय, याचं उत्तर त्यात नाही. सहावा भाऊ यू याला आपल्या मुलाला गादी द्यायची होती. नियमाप्रमाणे पाळी होती वांग झाओजुनच्या मुलाची. यूने त्याला ठार केलं. यूचा पुतण्या बी तेव्हा दक्षिणेच्या बाजूचा सरदार होता. त्याचा हिशेब साधा होता: भावांमध्ये द्यायची तर तो मारला गेलेला काका हक्कदार होता, मुलांमध्ये द्यायची तर आधीच्या चानयूचा थोरला मुलगा म्हणून मी. इ.स. ४६मध्ये यू वारला आणि गादी त्याच्याच मुलांकडे गेली. त्याच सुमारास दुष्काळ आणि टोळधाडीने कुरणं ओसाड पडली होती; उपाशी जनावरं नसती तर बीची तक्रार कदाचित तक्रारच राहिली असती. ४८मध्ये दक्षिणेच्या आठ गटांनी बीला चानयू केलं. त्याने नाव घेतलं आजोबांचं, हुहान्ये. साम्राज्याचे दोन तुकडे झाले ते कायमचे.

दक्षिणेचे शिओंग्नू हान साम्राज्याच्या आश्रयाला गेले. इ.स. ८९मध्ये हान सेनापती दोउ श्येनने उत्तरेच्या शिओंग्नूंचा मोठा पराभव केला, तेव्हा त्याच्या फौजेत दक्षिणेचे शिओंग्नू स्वार फार मोठ्या संख्येने होते. विजयाचा शिलालेख खुद्द बान गूने रचला. तो मंगोलियातल्या एका खडकावर २०१७मध्ये ओळखला गेला. एकाच आजोबांच्या नातवंडा-पतवंडांनी एकमेकांना संपवल्याची ती नोंद आहे.

दक्षिणेची शाखा चीनमध्येच रुजली. ३०४मध्ये लिऊ युआन हा सरदार राजा झाला आणि राज्याला त्याने हान हेच नाव दिलं. तो मोडूचा वंशज म्हणवत असे, आणि मोडूला हान घराण्यातली मुलगी दिली होती, या नात्याने हान राजांचं लिऊ आडनावही लावत असे. तो लुआनदी कुळातलाच होता का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. त्याच्या वारसांनी ३११मध्ये लोयांग घेतलं, ३१६मध्ये चांगआन, आणि चीनच्या जिन घराण्याची उत्तरेतली सत्ता संपवली. ३१८मध्ये जिन झुन या सासऱ्याने, म्हणजे सम्राज्ञीच्या बापाने, आपला जावई असलेल्या सम्राटाला मारलं आणि राजधानीतल्या लिऊ घराण्यातल्या बायका-मुलांसकट सर्वांची कत्तल केली. वाचलेला नातलग लिऊ याओ सम्राट झाला. त्याने राज्याचं हान हे नाव टाकून दिलं आणि ३१९मध्ये आकाशाच्या पूजेत पूर्वज म्हणून मोडू चानयूला स्थान दिलं. दहा वर्षांनी, ३२९मध्ये, त्याच राज्यातून फुटलेल्या शी ल या सेनापतीच्या फौजांनी त्याच्या वारसांना पकडून मारलं.