हेळव्याची वही

सुगी आटोपून धान्य घरात आले, की सांगली-कोल्हापूरकडच्या खेड्यांत हेळवी येतो. कानडीत ‘हेळव’ म्हणजे पांगळा. पाय झाकून बैलावर बसायचे आणि यजमानाच्या दारी त्याच्या पूर्वजांची नावे ओळीने सांगायची, ही त्याची पिढीजात वृत्ती. पूर्वी सारे तोंडपाठ असे; मग वह्या आल्या. आमचा हेळवी हल्ली एस. टी.ने येतो, बैल पोसणे परवडत नाही म्हणतो.

गेल्या दिवाळीत मी गावी होतो. शिराळा तालुक्यातले आमचे गाव. मूळ पुरुष घोडा फेकीत आला, तलवारीच्या जोरावर त्याने जमीन मिळवली, ही कथा थोरल्या काकांकडून मी शंभरदा ऐकलेली. माजघरात एक गंजकी तलवारही आहे. (ती कुठल्याशा बाजारातून आणलेली असावी, असा मला लहानपणापासून संशय!)

हेळव्याने वही उघडली. मूळ गाव आटपाडीकडचे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात गाव सोडले. इथे सालगडी म्हणून राहिले.

काका ताडकन म्हणाले, “पान चुकलं तुमचं!”

“चुकलं न्हाई त्याचं,” आतून आजी म्हणाली. वय नव्वदीच्या घरात. “माझी सासू दळताना म्हणायची. घोडा कुठला? जात्याची वरची तळी डोईवर घेऊन बाई चालत आली.”

मी चपापलो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, हे मी दर वर्षी वर्गात मोठ्या तळमळीने सांगतो. आणि आमच्या घरचे जाते परसात तुळशीखाली पडलेले! आजीला आता त्यातल्या दोनतीनच ओव्या आठवतात.

हेळव्याच्या वहीत नऊ पिढ्यांचे पुरुष होते. बाई एकही नव्हती.

“तिचं नाव लिहा की,” मी म्हणालो.

“सांगा. काय होतं नाव?”

आजी बराच वेळ गप्प राहिली. “माणदेशीण म्हणायचे तिला. नाव कुणी घेतलंच न्हाई.”

हेळवी वही मिटू लागला. तेवढ्यात काका खाकरले.

“लिहा. माणदेशीण. दुष्काळात जातं घेऊन आली.” मग आत वळून म्हणाले, “पायलीभर जोंधळे जास्त घाला गं त्यांना.”