एका वैमानिकाचे प्रायश्चित्त

आपल्या मुलांस शाळेत युद्धाचा जो इतिहास शिकविला जातो, तो बहुधा तहाच्या तारखेस येऊन थांबतो. कोण जिंकले, कोण हरले, कोणता मुलूख कोणाच्या पदरी पडला, एवढे पाठ झाले म्हणजे धडा संपला. परंतु ज्यांनी ती युद्धे प्रत्यक्ष लढविली, ती माणसे घरी परतल्यावर कशी जगली, हा भाग पुस्तकांत क्वचितच येतो. आणि आमच्या मते संसारी माणसास उपयोगी पडणारा भाग तोच होय. म्हणून नोबुओ फुजिता नावाच्या एका जपानी गृहस्थाचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

फुजिता ह्यांचा जन्म १९११ सालचा. १९३२ मध्ये ते आरमारात शिरले व पुढच्याच वर्षी वैमानिक झाले. दुसऱ्या महायुद्धात त्यांची नेमणूक आय-२५ नामक पाणबुडीवर होती. पाणबुडीवर विमान कसले, असा प्रश्न वाचकांस पडेल. तिच्या पाठीवर एक जलाभेद्य कोठी असे. तीत पंख दुमडलेले, दोन माणसांचे लहानसे विमान ठेवीत. पाणबुडी वर आली की विमान बाहेर काढून जोडावयाचे आणि दाबलेल्या हवेच्या जोराने ते आकाशात फेकावयाचे, अशी ती योजना होती. परतताना ते पाण्यावर उतरे. अशाच विमानातून फुजिता ह्यांनी १९४२ च्या आरंभी सिडनी, मेलबर्न, वेलिंग्टन आदि बंदरांची टेहळणी केली होती.

१८ एप्रिल १९४२ रोजी अमेरिकन विमानांनी टोकिओ व इतर शहरांवर बाँब टाकले. त्याचे उट्टे काढण्याचे जपानच्या मनात होते. असल्या लहान विमानांनी अमेरिकेच्या किनाऱ्यावरही हल्ला करता येईल, अशी सूचना स्वतः फुजिता ह्यांनीच वरिष्ठांकडे केलेली होती. ती मान्य झाली व कामगिरीही त्यांच्याच वाट्यास आली. ९ सप्टेंबर १९४२ च्या पहाटे, वडिलोपार्जित तलवार जवळ घेऊन, ओकुदा नावाच्या सोबत्यासह ते उडाले. ऑरेगन प्रांतातील ब्रुकिंग्ज गावाजवळच्या अरण्यावर त्यांनी दोन आगलावे बाँब टाकले. प्रत्येकाचे वजन सुमारे ७६ किलो. अरण्य पेटावे, वणवा गावांवर यावा आणि लोकांत हाहाकार उडावा, हा हेतु. परंतु आधी पाऊस पडून गेला होता, रान ओले होते. वनरक्षकांनी लहानशी आग विझविली. २९ सप्टेंबरच्या रात्री त्यांनी पुनः फेरी केली, तीही निष्फळ झाली. कोणी मेले नाही. तथापि त्या युद्धात अमेरिकेच्या मुख्य भूमीवर शत्रूच्या विमानातून बाँब पडले ते एवढेच.

पुढे ओकुदा युद्धात कामास आला. फुजिता वाचले. युद्धाच्या अखेरीअखेरीस आत्मघातकी वैमानिकांस शिकविण्याचे कामही त्यांस करावे लागले. शरणागतीनंतर त्यांनी इबाराकी प्रांतात लोखंडी सामानाचे दुकान थाटले. आमच्या बीड जिल्ह्यात परळी-माजलगावच्या पेठेत खिळे, बिजागऱ्या, कड्याकोयंडे विकणारी दुकाने असतात, त्याच जातीचा हा धंदा. काल आकाशातून आग टाकणारा मनुष्य आज शेजाऱ्यापाजाऱ्यांची घरे उभारण्याचे साहित्य विकू लागला.

असे दीड तप लोटल्यावर १९६२ मध्ये खुद्द ब्रुकिंग्जहून आमंत्रण आले. तेथील तरुण व्यावसायिकांच्या एका संस्थेने गावच्या पुष्पोत्सवास पाहुणा म्हणून त्यांस बोलाविले होते. हे सर्वांस रुचले असे मात्र नाही. युद्धात लढलेल्या कित्येकांनी उघड विरोध केला, आणि ज्यांची माणसे पॅसिफिकमध्ये पडली त्यांचा तो विरोध अस्वाभाविक म्हणता येणार नाही. इकडे जपान सरकारने, ह्या गृहस्थावर युद्धगुन्हेगार म्हणून खटला होणार नाही ना, ह्याची आधी खात्री करून घेतली. स्वतः फुजिता चारशे वर्षांची ती घराण्याची तलवार बरोबर घेऊन निघाले. लोक कोपलेच, तर त्याच तलवारीने उदर विदारून देह ठेवावयाचा, असा त्यांचा निश्चय होता, असे त्यांच्या कन्येने पुढे सांगितले आहे.

तशी वेळ आली नाही. गावाने त्यांचा, त्यांच्या पत्नीचा व मुलाचा आदराने सत्कार केला. तेव्हा फुजिता ह्यांनी ती तलवारच गावास अर्पण केली. आपल्या गावच्या विद्यार्थ्यांस मी जपानात बोलावीन, असे वचनही ते देऊन आले.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, ‘ज्या हल्ल्यात झाडाखेरीज काही जळले नाही, त्याचे एवढे प्रायश्चित्त कशाला?’ हा आक्षेप वरवरचा आहे. आग विझली ती पावसाने. फुजितांच्या दयेने नव्हे. हेतु पुरता दाहक होता, आणि माणसाचे मन त्यास जाब विचारते ते हेतूबद्दलच. शिवाय हिशेबच मांडावयाचा म्हटला, तर जमेची बाजू त्यांजपाशीही होती. १० मार्च १९४५ च्या एका रात्रीत टोकिओत सुमारे लाखभर माणसे अमेरिकन बाँबांनी जळून गेली. ‘आधी तुमचे तुम्ही पाहा’, असे म्हणून घरी बसणे त्यांस सहज शक्य होते. त्यांनी ती वही उघडलीच नाही.

आमच्या धर्मशास्त्रात ह्या विषयाचा फार खोल विचार झालेला आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापक्षालनाचे जे उपाय सांगितले आहेत, त्यांत पाप उघडपणे बोलून दाखविणे, मनापासून अनुताप होणे, तप, अध्ययन व आपत्तीत दान, असा क्रम आहे. बोलून दाखविण्यास आरंभीच स्थान द्यावे, हे मार्मिक होय. सम्राट अशोकाने कलिंगयुद्धाबद्दलचा आपला पश्चात्ताप तेराव्या शिलालेखात कोरविला. परंतु खुद्द कलिंगात, धौली व जौगड येथे, तो तेरावा लेख नाही. तेथे त्याच्या जागी निराळे लेख आहेत. राजनीतीची ती सोय असेल. पण ज्यांचे आपण वाईट चिंतिले त्यांच्याच दारी जाऊन उभे राहणे किती कठीण, हे त्यावरून कळते. एका लोखंडवाल्या दुकानदाराने ते केले.

वचनाची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. पुढे फुजितांचा धंदा बुडाला. तारेच्या कारखान्यात नोकरी करून त्यांनी पैसा साठविला, आणि १९८५ साली, म्हणजे २३ वर्षांनी, ब्रुकिंग्जच्या तीन विद्यार्थिनींस जपानात बोलावून शब्द खरा केला. गावच्या ग्रंथालयास मुलांच्या पुस्तकांसाठी त्यांनी देणगी दिली. १९९२ मध्ये, ज्या जागी बाँब टाकला होता, त्याच जागी त्यांनी झाड लावले. ३० सप्टेंबर १९९७ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, ते निवर्तले. त्यापूर्वी थोडेच दिवस ब्रुकिंग्जने त्यांस आपले सन्माननीय नागरिक केले होते. पुढील वर्षी त्यांच्या कन्येने त्यांच्या रक्षेचा काही अंश त्या डोंगरावर नेऊन पुरला. तलवार गावच्या ग्रंथालयात ठेविली गेली, मुलांच्या पुस्तकांच्या शेजारी.

आता आपल्या घराकडे वळू. आमच्या जिल्ह्यात हातभर बांधावरून चुलतभावांत तीन तीन पिढ्या कोर्टकज्जे चालतात. एकाच वाड्यात, मध्ये भिंत घालून, एकमेकांच्या लग्नकार्यास न जाणारी घराणी आम्ही पाहिली आहेत. १९४८ सालच्या धामधुमीतील जखमाही काही घरांत अद्याप जपून ठेविलेल्या आढळतात. ह्यांपैकी कोणाचे दुःख खोटे आहे, असे आमचे म्हणणे नाही. म्हणणे इतकेच, की आधी कोणी जावे ह्या एका प्रश्नावर सगळे अडते, आणि त्या प्रश्नाचे उत्तर हिशेबाच्या वहीत कधीच सापडत नाही.

खंडेनवमीस आपण घरातील जुनी शस्त्रे पुसून पुजतो, आणि दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघन करून आपट्याचे सोने वाटतो. सीमा ओलांडावयाची ती केवळ गावाची नव्हे, असे आम्हांस वाटते. ज्या दारी अनेक वर्षे पाऊल पडले नाही, त्या दारी येत्या दसऱ्यास घरातील वडील माणसाने आपणहून सोने घेऊन जावे, आणि बरोबर एखादे नातवंड न्यावे. त्या दाराची वाट मुलांस आपण दाखविल्यावाचून कळावयाची नाही.