चार शहरांतील एक शिक्षणप्रयोग

प्रौढांसाठी चालविलेला शिक्षणवर्ग यशस्वी झाला असे केव्हा म्हणावयाचे? वार्षिक अहवालात पटावरील संख्या, वाटलेली प्रमाणपत्रे आणि नोकरीस लागलेल्यांची टक्केवारी दिलेली असते. त्या आकड्यांत खोटे काही नसते. परंतु अशा वर्गाकडे माणूस वळतो तो प्रायः हातचे काम सुटलेले असताना, आणि वर्षभरात त्यांतील कित्येकांना कोठे ना कोठे काम मिळतेच. वर्ग असो वा नसो. मग त्याचे श्रेय वर्गाला कितपत द्यावयाचे?

या प्रश्नाचा कसून विचार अमेरिकेत झाला. रॉकफेलर प्रतिष्ठानने अटलांटा, प्रॉव्हिडन्स, वॉशिंग्टन व सॅन होजे येथील स्थानिक संस्थांच्या द्वारे, एकट्याने मुले वाढविणाऱ्या अल्पसंख्य समाजांतील गरीब स्त्रियांसाठी लेखन-वाचन, गणित व धंदेशिक्षण यांची योजना आखली. १९८४ ते १९८७ या काळात अर्ज करणाऱ्या स्त्रियांपैकी कोणास प्रवेश मिळावा हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निव्वळ योगायोगावर सोपविण्यात आले. ज्यांना प्रवेश मिळाला नाही, त्यांचीही पुढे विचारपूस चालू राहिली. दोन्ही गट आरंभी सारखेच असल्यामुळे पुढील कमाईतील तफावत हे वर्गाचे फळ मानता येते.

श्रोत्यांपैकी कोणी म्हणेल, गरजू बाईला चिठ्ठीवरून परत पाठवावयाचे, ही निष्ठुरता नव्हे काय? मलाही ते सहज रुचत नाही. पण जागा सर्वांस पुरणार नसतील, तर वशिल्यापेक्षा चिठ्ठी केव्हाही न्याय्य.

अडीच वर्षांनी पाहता, ठळक लाभ दिसला तो एकट्या सॅन होजेच्या स्त्रियांना. चारही केंद्रांची सरासरी काढून कोणी स्वस्थ बसला असता, तर ही गोष्ट झाकून गेली असती. इतरत्र आधी वाचन-गणित पक्के करावयाचे व मग धंदा शिकवावयाचा, असा क्रम सामान्यतः होता. सॅन होजेच्या संस्थेत प्रवेशपरीक्षा नव्हती. पहिल्या दिवसापासून हातात काम दिले जाई आणि त्या कामाला लागेल तेवढे गणित तेथेच शिकविले जाई. शिक्षक उद्योगांतून आलेले असत. संस्था १९६७ मध्ये स्थापन झालेली. आसपासच्या कारखानदारांशी तिचा जुना घरोबा. यांपैकी नेमके कोणते कारण फळले, हे मात्र चार केंद्रांवरून सांगणे अशक्य होते. एका केंद्राचे यश म्हणजे एका पद्धतीचे यश नव्हे.

१९९२ पासून अमेरिकेच्या कामगार खात्याने ही पद्धत इतर शहरांत नेली, आणि पुढे १२ ठिकाणी, शाळा सुटलेल्या सुमारे १,५०० तरुण-तरुणींवर तिची पुन्हा चिठ्ठ्यांच्याच रीतीने परीक्षा झाली. २००५ च्या अहवालाप्रमाणे केवळ चार केंद्रांनी मूळ पद्धत इमानाने उचलली होती. त्या चारांतही शिक्षणाचे तास वाढले, प्रमाणपत्रे वाढली; चार-साडेचार वर्षांनंतरची कमाई मात्र तुलनेच्या गटाहून पुढे गेलेली आढळली नाही. त्या गटातील अनेकांनी दरम्यान स्वतःच दुसरीकडे शिक्षण मिळविले होते.