गप्पी जगतो, निऑन का मरतो?

हैदराबादच्या चारमिनारजवळील मुर्गी चौकातून पिशवीत बांधून आणलेले रंगीत मासे आठ-दहा दिवसांत उलटे होऊन तरंगू लागले, की खापर दुकानदारावर फुटते. बहुतेक वेळा कारण घरच्या पाण्यातच असते.

ग्रॅनाइटच्या खडकातून उपसलेले या शहरातील कूपनलिकांचे पाणी अनेक ठिकाणी जड, म्हणजे शालेय पुस्तकातील भाषेत दुष्फेन, आणि अल्कधर्मी असते. गप्पी आणि मॉली या पाण्यात सुखाने नांदतात. ॲमेझॉनच्या खोऱ्यातून आलेल्या निऑन टेट्राला मात्र मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी लागते. आपल्या गोव्यात जांभ्या दगडातील विहिरींचे पाणी बरेचदा असेच असते. त्यामुळे हैदराबादेतील नातलगाचा सल्ला म्हापशात जसाच्या तसा लागू पडेलच असे नाही.

खरा घात अमोनिया करतो. माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांतून तो तयार होतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइटमध्ये आणि दुसरे जिवाणू नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात आणि वाळूत वस्ती करतात, पण नव्या टाकीत ती वसायला साधारण 4 ते 6 आठवडे जातात. टाकी आणली त्याच संध्याकाळी वीस मासे सोडणाऱ्याला एवढा धीर नसतो. त्यातही पाणी अल्कधर्मी असेल तर अमोनियाचा विषारी अंश वाढतो. म्हणून सुरुवातीला दोन-तीनच मासे ठेवावेत आणि दोन मिनिटांत संपेल इतकेच खाद्य द्यावे.

आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे, सगळे कधीच नाही. नळाच्या पाण्यातील क्लोरीन उघड्या बादलीत दिवसभरात उडून जाते. स्पंज मात्र नळाखाली धुऊ नये. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा, अन्यथा जिवाणूंची वस्ती त्या क्लोरीननेच मरते. लख्ख धुतलेला फिल्टर पाहून समाधान मानणारे लोक पुष्कळ भेटतात!

हैदराबादेत उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतात. अशा वेळी हवेचा पंप अखंड चालवावा. बर्फ एकदम टाकू नये. हिवाळ्यातील थंड रात्रीनंतर अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसले, तर तो परजीवीमुळे होणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग समजावा. औषधासोबत हीटरने तापमान हळूहळू 28 अंशांपर्यंत न्यावे. ठिपके गेले तरी औषध लगेच थांबवू नये, कारण परजीवीची पिल्ले तोवर पाण्यात मोकळी फिरत असतात.